दगडातलं पीठ

मिरच्यांचा हंगाम लागला की हैदराबादच्या बेगम बाजारामागच्या त्या गल्लीत शिंकल्याशिवाय माणूस पुढं सरकत नाही. शिवराजच्या गिरणीपुढं सकाळपासून बायका डबे लावून बसतात. वर्षाचं तिखट, हळद, मसाला ह्याच दिवसांत करून घ्यायचा असतो. गिरणीत यंत्रं दोनच. तिखट-मसाल्याच्या यंत्रापाशी शिवराज आणि धान्याच्या दगडापाशी त्याची बायको रेणू. नाकाला पदर, भुवयांवर पीठ आणि तोंड अखंड चालू. रेणू बोलायला लागली की पट्ट्याचा आवाज बरा वाटतो, असं गिऱ्हाइकं तिच्या तोंडावर म्हणायची आणि तीही हसायची.

त्या दिवशी दगडावर नामदेवरावाचा माल होता. नामदेवरावाचं कोठी भागात शुगरच्या, म्हणजे मधुमेहावरच्या, पुड्यांचं दुकान. वाळलेलं कारलं, जांभळाच्या बिया, मेथी असं पोत्यानं आणायचा आणि दळून न्यायचा. एरवी त्याचा माल मसाल्याच्या यंत्रावर निघायचा, पण हंगामात ते यंत्र तिखटानं भरलेलं, म्हणून महिनाभर शिवराज तो दगडावर काढत होता. माल निघाला की रेणू दोन मुठी ज्वारी दगडातून काढायची, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला कडू वास लागू नये. ते निघालेलं पीठ घरचं. दगडातलं पीठ फेकायचं नाही, तीच गिरणीवाल्याची बरकत, हा तिच्या सासऱ्याचा, अप्पारावांचा, उदगीरहून आणलेला नेम होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वरच्या खोलीतून धाकटी जाऊ प्रणिता धावत खाली आली. तिच्या खांद्यावर लास्या होती, रेणूची चार वर्षांची लेक.

"अक्का, पोट्टी बघा कशी करायली."

रेणूनं तिला ओढून घेतलं. अंग गार पडलेलं. कपाळ, मान, पोट सगळं घामानं भिजलं होतं आणि रेणूच्या हाताच्या पिठाचा त्यावर चिखल झाला. डोळे उघडे होते, पण ते आईला ओळखत नव्हते. दातखीळ बसलेली आणि उजवा हात राहून राहून झटके देत होता. महिन्यातली ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला गल्लीतल्या डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून साखर-मिठाचं पाणी पाजलं होतं आणि लेकरू उठून बसलं होतं. ह्या वेळी शिवराजनं यंत्र तसंच सोडलं आणि रिक्षा करून दोघं लहान मुलांच्या दवाखान्यात पळाले.

नर्सनं बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि पळतच डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी आधी रक्त काढून घेतलं आणि मग शिरेतून साखर सोडली. बघता बघता लास्यानं डोळ्यांची उघडझाप केली, आईकडं बघितलं आणि प्यायला पाणी मागितलं. रेणू तिथंच भिंतीला टेकून फरशीवर बसली.

डॉक्टरीणबाईंचं नाव मेधा. पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला आलेल्या. मराठी ऐकून त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण खुर्ची ओढून त्या नीट बसल्या.

"रक्तातली साखर फारच खाली गेली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर मेंदूला धोका होता. ती कशामुळे जाते तेवढं आपल्याला शोधायचंय. रात्री उपाशी झोपली होती का?"

"न्हाई. वरणभात खाऊन झोपली."

"सकाळी उठली तेव्हा ठीक होती? गोड किंवा फळं खाल्ल्यावर उलटी होते? घरात आधी एखादं मूल असं दगावलंय?"

सकाळी ठीक होती, असं सांगून रेणू बाकी प्रश्नांना नाही म्हणून मान हलवत गेली. डॉक्टरीणबाईंनी लास्याचं पोट दाबून यकृत बघितलं, उंची मोजली, वजन केलं. चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या चार दिवसांत साखर एकदाही पडली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी नवरा-बायकोला आत बोलावलं.

"झटका आला तेव्हाच्या रक्तात इन्सुलिन भरपूर सापडलंय. साखर इतकी कमी असताना ते असायला नको. ह्याची कारणं मोजकीच असतात. एक तर पोटात ग्रंथीला गाठ असते. पण गाठ असती तर इथंही त्रास झाला असता. दुसरं म्हणजे मधुमेहाची गोळी पोटात जाणं. घरात कुणी घेतं का?"

"आमचे मामा घेतात. ह्यांचे वडील," रेणू म्हणाली.

"मुलं खेळता खेळता उचलून खातात. मी कुणावर संशय घेत नाहीये. रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलंय, कोणतं औषध आहे ते कळेल. तोवर गोळ्या कुलपात ठेवा."

डॉक्टरीणबाई काय काय बोलल्या ते शिवराजनं ऐकलं. रेणूनं एकच ऐकलं, घरात कुणीतरी गोळी दिली. अप्पारावांच्या गोळ्यांचा डबा प्रणिताच्या फळीवर असायचा. सासऱ्याला गोळी द्यायचं काम प्रणिताचं आणि रेणू गिरणीत असताना लास्याला भरवायचं कामही प्रणिताचं. आणि दवाखान्यात चार दिवस प्रणिता नव्हती, तर लेकराला काही झालं नव्हतं. एवढं कळल्यावर आणखी काय कळायचं राहिलं?

कारणही तिला लगेच सापडलं. माणसाला डूख शोधायचा असला की तो सापडतोच. दिवाळीत वरच्या खोलीवरून दोघींचं वाजलं होतं. दीर दिलीप नारायणगुड्याला कपड्याच्या दुकानात नोकरीला, गिरणीला हात लावत नाही आणि वरची हवेशीर खोली मात्र त्याला, असं रेणू चार लोकांत बोलली होती. प्रणिता तेव्हा एक अक्षर बोलली नव्हती. न बोलणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं ते आता कळलं, असं रेणू रिक्षात मनाशी म्हणाली. लास्या तिच्या मांडीवर झोपली होती आणि रेणू दात खात बसली होती.

घरी येऊन ती लगेच भांडली नाही. तिला नुसतं भांडायचं नव्हतं, उट्टं काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी गिरणी बायकांनी गच्च भरेपर्यंत ती थांबली. मग तिनं दोन्ही यंत्रांचे पट्टे बंद केले. एकाएकी इतकं शांत झालं की बायका बोलता बोलता गप्प झाल्या. रेणूनं जिन्यात तोंड घालून हाक मारली.

"प्रणिता, मामांच्या गोळ्यांचा डबा घेऊन खाली ये."

प्रणिता पदराला हात पुसत डबा घेऊन आली.

"ह्यातली कोणती चारलीस माझ्या लेकराला?"

प्रणिताला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं डबा पायरीवर ठेवून दिला.

"अक्का, मी काय चारणार? तुम्ही पहाटे धपाटं करून ठेवता, तेच मी दहाला भरवते. दुसरं काही देत नाही."

"तुझं पोरगं त्याच घरात खातंय, त्याला कसं काही झालं नाही?"

"रितेश धपाटं खात न्हाई. त्याला ब्रेड लागतो, तुम्हाला ठावं हाय."

"ठावं हाय. त्याला ब्रेड आणि माझ्या पोरीला जहर."

एका म्हातारीनं मध्येच "छोड दे अम्मा, घर की बात है" असं म्हणून बघितलं, पण रेणूला घरची बात घरात ठेवायची नव्हतीच. डॉक्टरनं काय सांगितलं ते तिनं सगळ्यांना सांगितलं, पदरचे चार शब्द घालून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणाला ठाऊक नाही असं राहिलं नाही. ज्या बायका प्रणिताकडं पोरं सोडून बाजारात जायच्या त्यांनी पोरं नेणं बंद केलं. प्रणिताच्या आईला फोन करून रेणूनं तेही काम उरकलं. प्रणिता नळावर गेली की बायका हंडा उचलून बाजूला व्हायच्या.

दिलीप भावाशी भांडला नाही. आठवड्यात त्यानं नारायणगुड्याला एक खोली बघितली आणि एका दुपारी सामानाची गाडी दाराशी आणली. गॅसची टाकी, गाद्या, रितेशची सायकल. प्रणिता शेवटी उतरली आणि सासऱ्याच्या पाया पडली. लास्या "काकी" म्हणून रडायला लागली तेव्हा रेणूनं तिला दंडाला धरून आत ओढलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रेणू दारात उभी राहिली. तिला बरं वाटलं. छातीत गार वाटलं.

अप्पाराव पायऱ्यांवर बसून होते. पायाला मुंग्या यायच्या म्हणून ते हल्ली गिरणीत उतरत नसत.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नको, बाई," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही चोर दाखवा. मी त्यालाबी सोडणार न्हाई."

आता लास्याचं सगळं रेणूच्या हातात आलं. गोळ्यांचा डबा तिच्या कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात. पहाटे उठून ती घरच्या डब्यातलं पीठ मळायची, त्यात कांदा, कोथिंबीर, तीळ घालून एक लहान धपाटं थापायची. मोठी माणसं भातावर राहायची. दगडातलं ते मूठभर पीठ तिनं लेकरासाठीच राखलं होतं, ज्वारी अंगी लागते म्हणून. जरा कडसर लागायचं, तर ती वर तुपाचं बोट फिरवायची. गुरुवारी नामदेवरावाचा माल निघाला. शुक्रवारी दहाला रेणूनं दगड थांबवला, लास्याला मांडीवर घेतलं आणि तिच्या मागं लागून अख्खं धपाटं भरवलं.

बाराला लास्या गिरणीतल्या पोत्यावर चिंब घामानं भिजून पडली होती.

दवाखान्यात साखर चढली, लेकरू शुद्धीवर आलं. मेधाबाईंच्या हातात लॅबचा कागद होता.

"मधुमेहाच्या गोळीचंच औषध सापडलंय."

"मी सांगितलंच होतं," रेणू म्हणाली.

"सासऱ्यांच्या गोळ्या आणल्यात का?"

रेणूनं गळ्यातली किल्ली दाखवली आणि पिशवीतून डबा काढून दिला. मेधाबाईंनी एकेक पाकीट उलटंसुलटं करून वाचलं.

"ह्यातली एकही नाही. ह्या गोळीनं साखर अशी पडत नाही. रक्तात आहे ते दुसरंच औषध. आज तिला कुणी भरवलं?"

रेणूनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"मीच."

"आणि काय भरवलं?"

"धपाटं."

रात्रभर ती लास्याच्या पायथ्याशी बसून होती, पण विचार एकाच जागी येऊन थांबत होता. पहाटे शिवराजला लेकराजवळ बसवून ती घरी आली. डब्यात उरलेलं पीठ तिनं ताटात ओतलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं. मग तव्यावर दोन धपाटी टाकली आणि अनशेपोटी दोन्ही खाऊन अप्पारावांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"मामा, तुमचं शुगरचं मशीन काढा. माझं बोट टोचत राहा."

अप्पारावांनी मशीन काढलं. पहिला आकडा बरा आला. दुसरा खाली आला. तिसऱ्या वेळी त्यांनी तिचा हात धरला तो ओला होता. रेणूच्या छातीत धडधडत होतं, ओठ बधिर झाले होते, समोरची भिंत सरकत होती. भूक अशी लागली की समोरचं लाकूड खावं. माझ्या लेकराला हे होत होतं आणि तिला सांगताही येत नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि ती रडायला लागली. म्हाताऱ्यानं तिच्या तोंडात साखर कोंबली, पाणी पाजलं, पुन्हा साखर कोंबली.

"दगडावर औषध काढलं कुणी?" त्यांनी विचारलं. "धान्याच्या दगडावर औषध काढायचं नसतं, हे मी शिवराजला मिसरूड फुटायच्या आधी सांगितलंय."

दुपारी लास्याला नर्सच्या नजरेखाली झोपवून शिवराज आला. रेणूनं रिकामा डबा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं डब्याकडं बघितलं आणि खाली बसला.

"नामदेवराव पुडीत गोळ्या कुटून घालतो, हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "भस्म म्हणायचा. रिकामी पाकिटं मीच नालीत टाकली. लोकांची शुगर उतरते, लोक खूश, मला काय करायचंय? पण दगडातलं पीठ तू लेकराला घालायलीस हे मला कुणी सांगितलं?"

"आणि त्यात गोळ्या हायेत हे मला कुणी सांगितलं?"

मग शिवराज हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई वर कळवणार म्हणाल्यात. यंत्र आपलं हाय, रेणू. आधी आपल्यालाच धरतील. तू गप राहा. मी त्याचा माल बंद करतो, झालं."

"झालं? माझी लेक तीनदा मरून आली, झालं?"

गुरुवारी नामदेवराव आला. गोरापान, कपाळाला अष्टगंध, सगळ्यांना वहिनी-भाऊ करणारा माणूस. पूजा करून तो उपाशीच निघायचा आणि माल दळून होईपर्यंत गिरणीतच बसायचा. शिवराज त्याला परत पाठवायला पुढं झाला, तर रेणूच आडवी आली.

"असू द्या. आज मसाल्याच्या यंत्रावर काढू. नामदेवराव, बसा. धपाटी गरम हायेत."

गेल्या खेपेच्या पोत्याच्या तळाशी राहिलेली त्याचीच पूड तिनं पिठात मळली होती. वर कांदा, मिरची, तूप. नामदेवरावानं दह्याशी तीन खाल्ली.

"जरा कडू लागतंय, वहिनी."

"मेथी घातलीया. तुमच्या धंद्याची."

तो हसला. शिवराजचा चेहरा पांढरा पडला होता. रेणू दगडापाशी बसून गिऱ्हाइकांचं दळत राहिली आणि हात चालू ठेवून डोळे त्याच्यावर ठेवले. तिला त्या माणसाचा घाम बघायचा होता. तासाभरानं तो दिसला. आधी ओठावर, मग कपाळावर, अष्टगंध ओघळून नाकावर आलं. त्यानं उपरण्यानं पुसलं, पुन्हा पुसलं. गुडघा हलायला लागला. स्वतःच्या हाताकडं बघून त्याला काय ते समजलं.

"वहिनी, थोडी साखर द्या."

रेणूनं पट्टे बंद केले. साखरेचा डबा मांडीवर घेतला.

"कशाला? काय होतंय?"

"चक्कर येतीय. द्या लवकर."

"धपाट्यानं चक्कर येत न्हाई. काय होतं त्यात?"

बायका उठून उभ्या राहिल्या. नामदेवराव शिवराजकडं बघत होता आणि शिवराज जमिनीकडं.

"गोळ्या," तो म्हणाला. "पुडीत गोळ्या असतात."

"मोठ्यानं सांगा. मागं ऐकू गेलं न्हाई."

"शुगरच्या गोळ्या असतात," तो ओरडला आणि स्टुलावरून घसरून खाली बसला.

आपण आता हात हलवला नाही तर हा माणूस डोळे फिरवेल, हे रेणूला कळत होतं. आणि तसंच व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्या दिवशी भांडणात मध्ये पडलेली तीच म्हातारी पुढं आली. "दे दे अम्मा, मर जाता वो." रेणूनं मूठभर साखर काढली आणि त्याच्या हातात दिली, तोंडात नाही. त्याच्या हातातून साखर फरशीवर सांडली. नामदेवराव गुडघ्यांवर वाकून ती वेचून खायला लागला. तिखट, पीठ, माती, जे हाताला लागेल ते. रेणूनं ते नीट बघितलं. मग डबा त्याच्यापुढं सरकवला.

पुढचं सरकारी झालं. कोठीतल्या दुकानाला सील लागलं आणि गिरणीलाही लागलं. शिवराजला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं, सुटून आला तेव्हा तो बायकोशी बोलेनासा झाला. रेणू आपण होऊन गल्लीत घरोघर गेली. प्रणिताचा दोष नव्हता, पीठ माझंच होतं, असं ज्या तोंडानं बोलली होती त्याच तोंडानं सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि "जाने दो" म्हणाल्या. मग एका दुपारी लास्याला कडेवर घेऊन ती नारायणगुड्याला गेली.

खोली एकच होती, रस्त्यावर उघडणारी. प्रणिता खाली बसून भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं आणि सतरंजी पुढं सरकवली.

"बसा, अक्का."

पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रेणूनं पाणी घेतलं नाही.

"चुकले मी, प्रणिता. गल्लीतबी सांगून आले."

"हौ. कळलं मला."

"तुझ्या आईलाबी फोन केला."

"तिनंबी सांगितलं."

आवाजात राग नव्हता. लास्याला असल्या गोष्टींशी देणंघेणं नव्हतं. ती कधीच काकीच्या मांडीवर चढली होती, तिच्या बांगड्या फिरवत होती.

"काकी, भूक."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काही दिवस हिला भुकेली ठेवू नका. प्रणिता उठली. तिनं ताटलीत मऊ भात घेतला, वरण घातलं, वर तूप सोडलं. लास्या तिच्या समोर मांडी घालून बसली आणि रोजच्या सवयीनं तोंड उघडून वाट बघायला लागली. प्रणितानं ताटली रेणूपुढं ठेवली.

"चारा."

"ती तुझ्या हातचं मागायली, प्रणिता."

"मागू द्या. तुम्ही याल-जाल, मी कधी न्हाई म्हणणार न्हाई. अडलंनडलं तर पोट्टीला माझ्याकडं झोपवून जा. पण माझ्या हाताचा घास ह्या जन्मी हिच्या तोंडात जायचा न्हाई. तुम्हाला जे पाहिजे होतं ते हेच."

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं हात काढले नाहीत. रेणूनं भात कालवला, फुंकर घातली आणि घास पुढं केला. लास्यानं तोंड फिरवलं आणि काकीकडं बघून पुन्हा आ केला.